घंटेचा ‘सा’ नेमका कुठे असतो? एफएममधले धातूचे आवाज सुरात आणताना

एफएम सिंथेसिसमध्ये एक ऑसिलेटर (मॉड्युलेटर) दुसऱ्याची (कॅरियरची) वारंवारता वेगाने वरखाली हलवतो, आणि हे हलवणं किती जोराचं ते इंडेक्स सांगतो. कॅरियर २०० हर्ट्झ, मॉड्युलेटर २८० हर्ट्झ, इंडेक्स १० पासून सुरू होऊन शून्याकडे उतरणारा, आवाजाची एकूण लांबी १५ सेकंद. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९७३ च्या आपल्या शोधनिबंधात घंटेसाठी दिलेली ही कृती आजही कुठल्याही एफएम सिंथवर पाच मिनिटांत उभी राहते, आणि ऐकताक्षणी घंटाच वाटते. आता मागे तंबोरा सुरू करा आणि तोच सा या घंटेवर वाजवा. बेसूर. डिट्यून थोडं वर न्या, बेसूर. खाली आणा, तरीही बेसूर. पट्टी तर बरोबर दाबली आहे, ट्यूनरही मधूनमधून बरोबर स्वर दाखवतो, आणि कान मात्र मान्य करत नाही.

पट्टी दाबल्यावर सिंथ फक्त कॅरियर सुरात लावून देतो. इंडेक्स १० असताना कॅरियर हा त्या आवाजातला एक साधा सदस्य असतो, आणि बाकीचे सदस्य कुठल्या स्वरावर बसले आहेत ते कोणी पाहिलेलंच नसतं. ते पाहण्यासाठी कागद-पेन्सिल पुरते.

कॅरियरला क म्हणू, मॉड्युलेटरला म. या हलवण्यातून निघणारे नवे स्वर, म्हणजे साइडबँड, पडतात ते क + म, क − म, क + २म, क − २म, क + ३म अशा जागांवर. उत्तर ऋण आलं तर वजाचं चिन्ह पुसून टाकायचं. ती वारंवारता शून्याला आपटून परत वर येते, फक्त तिची फेज उलटी झालेली असते. क = १ आणि म = १.४ घेतलं तर मिळतात ०.४, १, १.८, २.४, ३.२, ३.८, ४.६, ५.२, ६.६. आता यांना सप्तकात आणून सरगम लावू. १ हा सा. २.४ म्हणजे तार सप्तकातला कोमल ग. १.८ हा कोमल नि. ३.८ हा शुद्ध नि. ३.२ हा कोमल ध. ५.२ हा गंधार आणि मध्यम यांच्या मधोमध कुठेतरी, ४.६ रे आणि कोमल ग यांच्या मध्ये. आणि सगळ्यात खालचा ०.४, तोही कोमल ध, आपण दाबलेल्या सापासून एक सप्तक आणि वर आणखी सा ते शुद्ध ग एवढ्या अंतरावर खाली. २०० हर्ट्झचा सा वाजवला की तळाला ८० हर्ट्झचा कोमल ध घुमतो. कान तळाचा स्वर सहज सोडत नाही. बेसूरपणा इथून सुरू होतो.

एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. १:१.४ म्हणजे ५:७. वरच्या सगळ्या वारंवारता ०.२ च्या पूर्ण पटीतच आहेत: २, ५, ९, १२, १६, १९, २३, २६, ३३. गणिताच्या दृष्टीने हा आवाज हर्मोनिकच (एकाच मूळ स्वराच्या पूर्ण पटींचा) आहे, ४० हर्ट्झच्या मूळ स्वराचा. पण पहिला, तिसरा, चौथा, सहावा, सातवा, आठवा असे इतके हर्मोनिक गैरहजर आहेत की कानाला तो मूळ स्वर सापडत नाही आणि आवाज विखुरलेला, म्हणजेच धातूचा, वाटतो. तेव्हा ‘अपूर्णांक घातला की धातू’ हा समज अर्धवट आहे. किती हर्मोनिक गाळले जातात आणि परतून आलेले साइडबँड सरळ गेलेल्यांच्या फटींत कुठे बसतात, यावर सगळं ठरतं.

या परतलेल्या साइडबँडचा आणखी एक गुण ट्यूनिंग करणाऱ्याला फार छळतो. मॉड्युलेटर १.४ वरून १.४१४ वर, म्हणजे दोनच्या वर्गमुळावर, नेला तर तो स्वतः साधारण १७ सेंट चढतो (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात). एवढ्याने काय बिघडेल, असं वाटतं. पण तळाचा ०.४ होतो ०.४१४, म्हणजे ६० सेंटची उडी, शेजारच्या पट्टीच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त. त्याच वेळी २.४ वाला जेमतेम १० सेंट हलतो. एकाच नॉबने तळ आणि वरचा भाग वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात. म्हणून ‘जरासं डिट्यून करून पाहू’ हा मार्ग इथे चालत नाही. आधी ठरवायचं की तळाला कुठला स्वर हवा, आणि त्यावरून मॉड्युलेटर काढायचा.

समजा तळाला पंचम हवा आहे. ०.३७५ हा पंचम (दोन सप्तकं वर नेला की १.५). म − १ = ०.३७५, म्हणून म = १.३७५. मिळणारे स्वर: ०.३७५ पंचम, १ षड्ज, १.७५ जरा उतरलेला कोमल नि, २.३७५ कोमल ग, ३.१२५ उतरलेला कोमल ध, ३.७५ शुद्ध नि. धातूचा खणखणाट तसाच राहतो, पण आता तळ तंबोऱ्याच्या पंचमात मिसळतो. १.४ आणि १.३७५ एकामागोमाग तंबोऱ्यावर ऐकले तर फरक समजावून सांगावा लागत नाही.

यामाहाचा एफएम सिंथ डीएक्स७ किंवा त्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या डेक्स्डसारख्या मोफत प्लगइनवर इथे लगेच अडचण येते. त्यात गुणोत्तर दोन आकड्यांनी लावतात: कोर्स आकडा ०.५, १, २, ३ असा ३१ पर्यंत जातो, आणि फाइन त्याला १.०० ते १.९९ ने गुणतो. म्हणजे कोर्स १ असताना पायरी ०.०१ ची, कोर्स ३ असताना ०.०३ ची. १.३७५ लागतच नाही. १.३७ घेतलं तर तळाचा स्वर ०.३७ होतो, पंचमापेक्षा २३ सेंट खाली, आणि १.३८ घेतलं तर तितकाच वर. उपाय असा की गुणोत्तर तेच ठेवून आकडे मोठे करायचे. कॅरियर ४.००, मॉड्युलेटर ५.५० (कोर्स ५, फाइन १०). ४ ला ५.५ म्हणजे बरोबर १.३७५. मग पॅच दोन सप्तकं खाली ट्रान्सपोझ करा. ३.५० हवं असेल तर कोर्स ३ वर ते मिळणार नाही, कोर्स २ आणि फाइन ७५ वर मिळेल. ४.२० हवं तर कोर्स ४, फाइन ५. असे गुणाकार एका कागदावर लिहून ठेवले की काम भराभर होतं. चार ऑपरेटरच्या (ऑपरेटर म्हणजे कॅरियर किंवा मॉड्युलेटर होऊ शकणारा एकेक ऑसिलेटर) डीएक्स२१ वर फाइन-कोर्सची ही सोय नाही. तिथे ठरावीक गुणोत्तरांची यादी आहे, आणि त्यातले १.४१, १.५७, १.७३ हे दोनचं वर्गमूळ, पायचा निम्मा आणि तीनचं वर्गमूळ आहेत. ते मुद्दाम विखुरलेले आवाज काढण्यासाठीच ठेवले आहेत, त्यामुळे तिथे तळ जिथे पडेल तिथे पडू द्यायचा आणि संपूर्ण पॅच सरकवायचा.

तळाची भानगड मुळातच नको असेल तर एक साधा नियम पुरतो: मॉड्युलेटर कॅरियरच्या दुपटीपेक्षा वर ठेवा. मग म − क हा क पेक्षा मोठाच राहतो, पुढचे साइडबँड त्याहून वर, आणि कॅरियर हाच सगळ्यात खालचा स्वर होतो. १:३.५ हे गुणोत्तर नळीच्या घंटांसाठी इतकं चालतं ते यामुळेच. त्याचे साइडबँड पाहा: २.५ शुद्ध ग, ४.५ शुद्ध रे, ६ पंचम, ८ षड्ज, मग ९.५ कोमल ग आणि ११.५ तीव्र मध्यमाच्या जरा वर. खालची चारही माणसं घरातली, परकी मंडळी सगळी वर, आणि इंडेक्स उतरला की तीच आधी निघून जातात. ग्लॉकेनश्पीलसारखी धातूची पट्टी हवी असेल तर तिचा दुसरा कंपनप्रकार मूळ स्वराच्या २.७५६ पट असतो. म − १ = २.७५६ म्हणून म = ३.७५६. डीएक्सवर ३.७५ (कोर्स ३, फाइन २५) घेतलं तर चूक चार सेंटच्या आत राहते. त्या पट्टीचा तिसरा प्रकार ५.४०४ वर असतो आणि आपल्याला ४.७५६ मिळतो, पण तो इतका लवकर विरतो की मी त्याच्या मागे लागत नाही.

इंडेक्सबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्म्या तक्रारी तिथल्या असतात. कुठला साइडबँड किती जोरात, हे बेसेल फलनं ठरवतात. सगळा तक्ता पाठ करायची गरज नाही, तीन आकडे ध्यानात ठेवावेत: २.४०, ५.५२, ८.६५. इंडेक्स या किमतींवर असताना कॅरियर पूर्ण नाहीसा होतो. घंटेचा इंडेक्स १० वरून खाली येताना या तीन ठिकाणांवरून जातो, आणि आवाजात जी भोवऱ्यासारखी फिरत जाणारी चमक ऐकू येते तिचं एक कारण हे. ते छानच वाटतं. पण सस्टेन (पट्टी धरून ठेवल्यावर टिकणारी पातळी) नेमका २.४ च्या आसपास अडकला तर दाबलेला सा आवाजात नसतोच. मग माणूस तासभर ट्यूनिंगशी झगडतो आणि दोष लेव्हलचा असतो. डीएक्स७ वर मॉड्युलेटरची लेव्हल ९९ म्हणजे इंडेक्स साधारण १३, आणि दर आठ अंक खाली आलं की तो निम्मा होतो. म्हणजे ७५ ला साधारण १.६, ६९ च्या आसपास १. सुरात बसवायच्या धातूच्या आवाजासाठी मी आघाताला १.५ ते २ च्या वर जात नाही. १० चा इंडेक्स दूर डोंगरावरच्या घंटेला शोभतो, गाण्याच्या साथीला नाही. वेलॉसिटी मॉड्युलेटरला जोडलेली असेल तर हे मोजमाप जोरात दाबलेल्या पट्टीवर करा, हलक्या पट्टीवर सगळंच सुरात वाटतं.

आता खऱ्या ओतीव घंटेकडे. युरोपातल्या चर्चच्या सुरात लावलेल्या घंटेचे मुख्य स्वर असे असतात: ०.५ (खर्जातला गुंजारव), १, १.२ (कोमल ग), १.५, २, आणि वर ३ आणि ४. टोल पडताक्षणी कानाला जो स्वर ‘घंटेचा स्वर’ वाटतो तो २, ३ आणि ४ या तिघांवरून कान स्वतः बांधतो, आणि तो १ वर ऐकू येतो. १ चा स्वतःचा आवाज किती, याला फारसं महत्त्व नसतं. एफएमसाठी ही चांगली बातमी आहे, कारण २, ३, ४ जागेवर बसवले की काम झालं. पंचम घंटेत दुबळाच असतो, तो मी सोडून देतो.

डीएक्स७ चा ५ क्रमांकाचा अल्गोरिदम घ्या: दोन-दोन ऑपरेटरच्या तीन स्वतंत्र जोड्या. पहिली जोडी: कॅरियर २.००, मॉड्युलेटर १.५०, लेव्हल ७० ते ७४. यातून २, ०.५ आणि १ मिळतात. ३.५ चा एक उतरलेला कोमल नि सोबत येतो, म्हणून या मॉड्युलेटरचा एन्व्हलप (लेव्हल वेळेनुसार कशी चढते-उतरते ते) एक-दीड सेकंदात उतरवा. दुसरी जोडी: कॅरियर १.२०, मॉड्युलेटर ४.२०, लेव्हल ६० च्या आसपास. कॅरियर हा कोमल ग, आणि ४.२ − १.२ = ३, म्हणजे टोलाच्या तिघांपैकी एक. तिसरी जोडी: कॅरियर ०.५०, मॉड्युलेटर ३.५०, लेव्हल ७०. ३.५ − ०.५ = ३ आणि ३.५ + ०.५ = ४, उरलेलं काम इथे पुरं होतं. सहाव्या ऑपरेटरला फीडबॅक (स्वतःचाच आवाज स्वतःला परत देणं) ५ किंवा ६ दिला की लोलक आपटल्याची धार येते. त्याचा एन्व्हलप अर्ध्या सेकंदात खाली.

विरण्याच्या वेळा यातही नीट हव्यात. ०.५ चा गुंजारव सर्वांत लांब, १५ सेकंद धरा. कोमल ग सहा-सात सेकंद, २ चा स्वर तीनेक सेकंद. लांबी सगळ्यांची सारखी ठेवली तर घंटेऐवजी ऑर्गनचा विचित्र पडदा ऐकू येतो. सगळ्या ऑपरेटरच्या एन्व्हलपमधल्या तिसऱ्या आणि चौथ्या लेव्हल शून्यावर आहेत ना, हेही तपासा. तिसरी लेव्हल शून्यावर नसेल तर पट्टी दाबून धरली की घंटा विरतच नाही.

या जुळणीत ०.५ दोन ठिकाणांहून येतो, पहिल्या जोडीतल्या साइडबँडमधून आणि तिसऱ्या जोडीच्या कॅरियरमधून. दोन्ही तंतोतंत एकावर एक बसले तर फेजप्रमाणे ते एकमेकांना बळ देतील किंवा खातील, आणि परिणाम निर्जीव होईल. मॉड्युलेटर किंचित सरकवा. सा २२० हर्ट्झ असेल तर कॅरियर ४४० आणि मॉड्युलेटर ३३०. मॉड्युलेटर ३३०.५ केला की साइडबँड १०९.५ वर येतो, शेजारी ११० उभाच आहे, आणि दर दोन सेकंदांनी एक हेलकावा मिळतो. ओतीव घंटेत गोलाई पूर्ण एकसारखी नसल्याने असाच हेलकावा असतो. दुसऱ्या क्रमांकाचा साइडबँड मात्र दुप्पट सरकतो, २२० चा २२१ होतो, तिसरा तिप्पट. म्हणून अर्ध्या हर्ट्झच्या पुढे जाताना वरचे स्वर किती ढळले ते पुन्हा मोजा.

मोजण्यासाठी ट्यूनरवर विसंबू नका. तो एकच मूळ स्वर गृहीत धरतो आणि अशा आवाजात दर क्षणी वेगळ्या सदस्याला धरतो. स्पेक्ट्रम अनालायझर (आवाजातल्या वारंवारता वेगळ्या करून दाखवणारं साधन) लावा, पण त्याचा एफएफटी आकार (एका वेळी मोजले जाणारे बिंदू) वाढवून. ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर ८१९२ बिंदूंचा एफएफटी ५.४ हर्ट्झच्या घरात वारंवारता टाकतो, आणि २०० हर्ट्झजवळ ही चूक ४६ सेंटची आहे. ३२,७६८ बिंदू घेतले तर ती १२ सेंटवर येते. मोजताना मॉड्युलेटरचा सस्टेन तात्पुरता वर धरून ठेवा, नाहीतर आकडे हातातून निसटतात. ऐकू येणारा स्वर शोधायला मात्र कानच हवा. शेजारच्या ट्रॅकवर साधी साइन वेव्ह घ्या, तिचा स्वर हळूहळू फिरवा, आणि घंटेशी एकजीव वाटते तिथे थांबा. साइन आणि दाबलेली पट्टी यांच्यात जो फरक निघेल तेवढा संपूर्ण पॅच सरकवा. सगळ्या कॅरियर-मॉड्युलेटरना एकाच प्रमाणात न्यायचं, गुणोत्तरांना हात लावायचा नाही.

वरच्या सप्तकात एक वेगळाच बेसूरपणा येतो, तो अलायझिंगचा, म्हणजे सॅम्पल रेटच्या निम्म्याहून वर गेलेले स्वर परतून खाली येण्याचा. १०४६ हर्ट्झच्या पट्टीवर मॉड्युलेटर १४ पट असेल तर तो १४,६५० च्या घरात जातो, दुसरा साइडबँड ३०,३५० वर, आणि ४४,१०० च्या रेटला तो परतून १३,७५० वर ऐकू येतो. ओळखायची खूण सोपी: पट्टी वर चढवत जा आणि एखादा बारीक स्वर उलटा खाली उतरताना ऐकू आला की तोच. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग असेल तर लावा. नसेल तर मॉड्युलेटरला कीबोर्ड स्केलिंग द्या, म्हणजे वर जाताना त्याची लेव्हल घटेल. खऱ्या घंटाही लहान झाल्या की त्यांचे वरचे स्वर कानाच्या पल्ल्याबाहेर जातात, त्यामुळे हे ऐकायला नैसर्गिकच वाटतं.

मॉड्युलर सिंथवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: एफएमचं इनपुट एक्स्पोनेन्शियल असेल तर इंडेक्स वाढताना कॅरियरचा सरासरी स्वरच वर चढतो आणि वरचं सगळं गणित वाया जातं. लिनिअर, शक्यतो शून्यापार जाणारं इनपुट वापरा. स्वतः कोड लिहिणाऱ्यांनी मॉड्युलेटरचा अॅम्प्लिट्यूड हर्ट्झमध्ये देताना इंडेक्सला मॉड्युलेटरच्या वारंवारतेने गुणायचं विसरू नये, नाहीतर प्रत्येक पट्टीला इंडेक्स वेगळा पडतो.

तबल्याच्या बाबतीत हेच काम उलट्या दिशेने झालं आहे. नुसत्या ताणलेल्या चामड्याचे स्वर १, १.५९, २.१४, २.३० असे विखुरलेले असतात, आणि दायाँवरच्या शाईचा भार त्यांना जवळजवळ पूर्ण पटींवर आणून ठेवतो. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे दाखवलं. म्हणूनच दायाँ सा मध्ये लावता येतो. चाउनिंग यांनी १९७७ च्या ‘स्ट्रिया’ या आपल्या रचनेत तिसरीच वाट घेतली: कॅरियर-मॉड्युलेटरचं गुणोत्तर १.६१८ ठेवलं आणि सप्तकही दुपटीऐवजी १.६१८ पटीचं, म्हणजे ८३३ सेंटचं, केलं. आवाज सुराला जुळवण्याऐवजी सूरच आवाजाला जुळवले. आपल्याला रागाच्या किंवा गाण्याच्या साथीला घंटा हवी असते तेव्हा हा मार्ग बंद असतो.

एक अडचण शेवटी उरते, आणि ती एकेक स्वर वाजवताना कळत नाही. घंटेच्या पोटात कोमल ग आहे. ४४० च्या सा बरोबर शुद्ध ग, म्हणजे ५५४ हर्ट्झ, वाजवला की पहिल्या घंटेचा कोमल ग ५२८ वर असतो आणि दोघांत सेकंदाला २६ कंप पडतात. कानाला ते हेलकावे वाटत नाहीत, खरखर वाटते. बिलावल किंवा यमनच्या अंगाच्या चालीत या घंटा एकावर एक वाजवल्या की हेच होतं. नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात यासाठी शुद्ध ग असलेल्या घंटा ओतल्या गेल्या. आपल्याला फक्त दुसऱ्या जोडीचा कॅरियर १.२० चा १.२५ करायचा आहे. मॉड्युलेटर ४.२० वरच ठेवला तर ३ चा स्वर २.९५ वर घसरेल, म्हणून तोही ४.२४ (कोर्स ४, फाइन ६) करा. साइडबँड २.९९ वर येतो, सहा सेंट कमी, आणि टोल जागेवर राहतो. दोन्ही पॅच वेगवेगळ्या नावांनी जतन करा, एक भैरवी-तोडीसाठी आणि एक यमन-बिलावलसाठी.